एक घर बंद

आण्णा, तुमचा बर्फ खोटा होता हे मला गेल्या मंगळवारी कळलं. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, आणि सोळा हिवाळे खऱ्या बर्फात घालवून झाल्यावर. तुम्ही जाऊन एकोणीस वर्षं झाली, तेव्हा विचारायची सोय उरलेली नाही. तुम्ही समोर असता तरी मी विचारलं असतं का, याची खात्री देत नाही. म्हणून लिहितोय. मला गोष्टी क्रमानं सांगायची सवय आहे, तुम्ही त्याला खोड म्हणायचा, पण क्रमानंच सांगतो.

आपल्या भूमच्या वाचनालयानं माझ्या फोटोंचं प्रदर्शन ठरवलंय, येत्या रविवारी, वरच्या हॉलमध्ये. सगळे बर्फाचे फोटो. हिमाचलचे, लडाखचे, एक मालिका सिक्कीमची. सचिव घरी आले, चहा घेतला आणि म्हणाले, "सर, तुमचे चाळीस लावू, पण मधोमध आण्णांचा काश्मीरवाला पाहिजे. गावानं पहिला बर्फ त्याच्यातच बघितला." खोटं कशाला सांगू, मला अभिमान वाटला. तो फोटो माझ्या डोळ्यांपुढं कायम असतो. पांढरी टेकडी, पांढऱ्या फांद्यांची दोन झाडं, मधून गेलेली वाट, आणि वाटेवर पाठमोरी चाललेली, डोक्यावरून काळं पांघरलेली एक बाई. खाली तुमच्या बारीक ब्रशनं लिहिलेलं, 'काश्मीर'. स्टुडिओत खुर्चीवर बसलेल्या प्रत्येक माणसाच्या मागं तो फोटो होता. गिऱ्हाईक पावडर लावता लावता विचारायचं, "लई थंडी आसंल की तिथं?" आणि तुम्ही कॅमेऱ्यामागच्या काळ्या कापडातनं म्हणायचा, "हलू नका."

भिंतीवरच्या प्रिंटला ओल लागून कोपरे पिवळे पडलेत. मोठी नवी प्रिंट काढायची तर निगेटिव्हच पाहिजे, म्हणून मी तुमचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. निगेटिव्ह सापडली, पातळ कागदात नीट गुंडाळलेली. तिच्यावर धूळ नव्हती, बोटाचा ठसा नव्हता. त्या बाबतीत तुम्हाला नावं ठेवायला जागा नाही. स्कॅन केली आणि पडद्यावर मोठी करून डाव्या कोपऱ्यापासून बघत निघालो, जसं मी माझं प्रत्येक चित्र बघतो, ओळीनं, शेत नांगरल्यासारखं. डावीकडच्या झाडाला शेंगा दिसल्या. मण्यांच्या माळेसारख्या, मधे मधे आवळलेल्या. त्या शेंगा मी लहानपणी शेळ्यांना घातलेल्या आहेत. ती बाभूळ होती.

तरी मी मनाला समजावलं की काश्मीरात तसलं एखादं झाड असेल. मग उजवीकडं गेलो. तिथं निगेटिव्हचा एक पट्टा होता, जो प्रिंट काढताना तुम्ही कापला होता. त्या पट्ट्यात एक पत्र्याचं शेड होतं, खडीचा ढीग होता, आणि एक मालट्रक मागचं फाळकं टाकून उभा होता. फाळक्यावर रंगानं लिहिलेलं मी दोन वेळा वाचलं. 'येडेश्वरी प्रसन्न'.

काश्मीरात कुठली येडेश्वरी, ती तर आपल्या शेजारच्या येरमाळ्याची देवी. येरमाळ्याच्या अलीकडं रस्त्याला खडी फोडायचं क्रशर होतं. त्याची धूळ आजूबाजूच्या रानावर, झाडांवर, वाटेवर बसलेली असायची, बोट बोटभर. एस. टी.तनं जाताना आम्ही खिडक्या लावून घ्यायचो. आण्णा, त्या खिडकीतनं तो बर्फ मी कितींदा तरी बघितला असेल.

आई स्वयंपाकघरात ज्वारी निवडत होती. तिला आता अठ्ठ्याहत्तर लागलंय, कान ठीक आहेत, गुडघे गेलेत. मी लॅपटॉप तिच्या पुढ्यात ठेवला आणि विचारलं, "आई, ही बाई कोण?" तिनं चष्मा वर केला, वाकून बघितलं आणि परातीतला खडा बाजूला टाकत म्हणाली, "मी हाय ती."

"आण्णा तर म्हणायचे काश्मिरी बाई. पोटाशी शेगडी धरून चाललीय म्हणून."

"शेगडी कशाची रं. देवीच्या परसादाचा डबा व्हता हातात. चैताचं ऊन, आन् तुझ्या आज्याचं घोंगडं माझ्या डोस्क्यावर. हे म्हणायले, हळू चाल, पाय रुतायलेत असं चाल. मी घामानं भिजले, आन् यांचं आपलं, वळू नको, वळू नको."

ती हसायला लागली. मला हसू आलं नाही. मी म्हणालो, "म्हणजे काश्मीरला गेलेच नाहीत?" तेव्हा तिनं सगळं सांगितलं, इतक्या साधेपणानं की जणू मी कालच विचारायला हवं होतं. शिवरात्रीनंतर तुम्ही निघालात, यात्रेच्या गाडीबरोबर. गावानं एस. टी. स्टँडवर हार घातले. दिल्लीत पोटानं धरलं, गाडी पुढं गेली, आणि तुम्ही धर्मशाळेत आठ दिवस पडून परत आलात. स्टँडवर उतरलात तर पानवाल्यापासून हेडमास्तरांपर्यंत सगळे विचारायला उभे. "फोटो दावा म्हणून मागं लागले लोकं. काय दावतेत? मग जत्रंहून येताना ते क्रेशर दिसलं यान्ला, आन् गाडी थांबीवली."

"आणि तू इतकी वर्षं बोलली नाहीस."

"कुणी इचारलं?" आई म्हणाली.

गावाला तुम्ही काय दाखवलंत, त्याचा मला राग नाही, हे आधी लिहून ठेवतो. हार घातलेल्या माणसाची अडचण मला कळते. पण माझ्या डाव्या भुवईवर तीन टाक्यांची खूण आहे, ती तुम्हाला आठवते का? चौथीत असताना परंड्याहून आलेला एक पोरगा म्हणाला होता, "तुझ्या बापानं कॅलेंडर कापून लावलंय." मी त्याला धरलं, त्यानं पाटी मारली. दवाखान्यात टाके घालताना तुम्ही माझा हात धरून उभे होता. मी सांगितलं की मी तुमच्या काश्मीरसाठी भांडलो. तुम्ही माझ्याकडं बघितलं नाही, डॉक्टरकडं बघून म्हणालात, "बारीक घाला टाके, खूण राहू नये." मी ते प्रेम समजून आजवर जपलं होतं. आता त्या वाक्याचं काय करू, सांगा.

पण ते सुद्धा सोडून देतो. सोडता येत नाही ती दुसरी गोष्ट, आणि तिच्यासाठी मी हा कागद घेतलाय.

मी सव्वीस वर्षांचा होतो. पहिल्यांदा हिमाचलला निघालो होतो, एकटा, तुमच्या फोटोसारखा एक फोटो काढायला. तुम्ही मला स्टुडिओत कधी काही शिकवलं नाहीत. कॅमेऱ्याला हात लावला की म्हणायचा, "आधी काच पूस." जे शिकलो ते तुमच्या मागं उभं राहून, जुन्या मासिकांतनं, आणि चुका वहीत लिहून लिहून. मला त्याचा अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. पण त्या सकाळी मी तुम्हाला विचारलं. आयुष्यात एकदाच. आई धपाटे बांधत होती, तुम्ही भिंतीला टेकून भाकरी खात होता, आणि मी म्हणालो, "आण्णा, बर्फाला एक्स्पोजर कसं द्यायचं?"

तुमचा घास हातात राहिला. ते मला तेव्हा दिसलं होतं, कळलं आत्ता. तुम्ही म्हणालात, "पांढरं हाय. चकाकतं. मीटर दावील त्याच्या खाली एक घर बंद कर. लई ऊन आसलं तर दोन." लेन्सच्या रिंगवरच्या प्रत्येक आकड्याला आपल्या स्टुडिओत घर म्हणायचे. एक घर उघडलं की उजेड दुप्पट, एक घर बंद केलं की निम्मा. पांढरं धोतर, पांढरा पटका घालून कुणी फोटोला बसलं की तुम्ही एक घर बंद करायचा, नाहीतर धोतर जळून नुसता पांढरा डाग येतो. तो नियम मला पाठ होता, म्हणून बर्फालाही तोच असणार यात मला नवल वाटलं नाही. आईनं मान वर करून म्हटलं, "अहो..." आणि तुम्ही म्हणालात, "तू चटणी बांध."

मी ते 'अहो' विसरलो होतो. मंगळवारपासून दुसरं काही ऐकू येत नाही. त्या एका शब्दानंतर स्वयंपाकघरात जी जागा होती, तीत तुम्हाला खरं सांगता आलं असतं. दार लावलेलं होतं. गाव बाहेर होतं. घरात आम्ही दोघंच होतो, एक जिला सगळं माहीत होतं आणि एक ज्याला माहीत असायला हवं होतं. तुम्हाला इतकंच म्हणायचं होतं की बाबा, मी बर्फ बघितलेला नाही, तू बघ आणि मला सांग. ते न म्हणता तुम्ही मला धोतराचा नियम बांधून दिलात.

तिथं काय झालं ते तुम्ही कधी ऐकलं नाहीत, ऐका. पहाटे उठून, गुडघाभर बर्फात चालत, बोटं बधीर झालेली असताना मी प्रत्येक फ्रेमला तुमची दोन घरं बंद केली. ऊन लख्ख होतं. माझं मन मला सांगत होतं की काहीतरी चुकतंय, कारण फाइंडरमध्ये मीटरचा काटा आणि डोळ्यांपुढचा उजेड जुळत नव्हते. मी मनाचं ऐकलं नाही, तुमचं ऐकलं. सहा रोल. रंगीत होते, आपल्या डार्करूममध्ये धुता येत नव्हते, म्हणून येताना बार्शीला उतरून लॅबमध्ये दिले, रात्री तिथंच मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी बाकड्यावर बसून पाकिटं उघडली. डोंगर राखेचे होते. देवदार कोळशाचे. बर्फाचा रंग चुलीतल्या मळक्या राखेचा, आणि आभाळ पाऊस पडून गेल्यावर गटाराचं पाणी असतं तसं. एकूण एक फ्रेम. लॅबवाला चांगला माणूस होता, म्हणाला, "साहेब, स्मशानाचे फोटो हायत का?"

त्यानंतरची दोन वर्षं मी कुठं गेलो नाही. स्टुडिओच्या माळवदावर चुन्याच्या भिंतीपुढं पांढरी चादर टांगली, तिच्यापुढं पांढरी बशी ठेवली आणि घरं उघडत, बंद करत, फोटो काढत राहिलो. प्रत्येकाची नोंद वहीत. तुम्ही खालून ओरडायचा, "बशी कधी लग्नाला उभी राह्यलीय का?" शेवटी मला माझं मला समजलं. मीटरला पांढरं काळं कळत नाही. त्याला जे दाखवाल त्याची तो राख करून देतो, काळ्याचीही आणि पांढऱ्याचीही. बर्फाला घर बंद करायचं नसतं, उघडायचं असतं, दीड, कधी दोन. मीटरनं आधीच दोन घरं खाली ओढलेलं होतं आणि त्यात तुमची दोन. मला वाटलं, आण्णांच्या जुन्या कॅमेऱ्याला मीटरच नव्हतं, त्यांच्या काळी वेगळं असेल. तुमच्या बाजूनं कारण मी शोधलं, आण्णा. तुम्ही नाही.

पुढचं तुम्हाला थोडं माहीत आहे. जमेल त्या हिवाळ्यात मी जाऊ लागलो. अवर्षणाच्या तालुक्यात बर्फवाला म्हणून माझं नाव झालं, इतकं की लग्नसराईत अजून फोन येतात, "सर, उद्या हळद हाय, चार लाद्या पाठवता का?" मी शांतपणे सांगतो की माझा बर्फ भिंतीवर लावायचा असतो. सोळा हिवाळ्यांत मी एकही फ्रेम राखेची येऊ दिली नाही. आणि प्रत्येक फ्रेम काढताना डोक्यात तुमची टेकडी, तुमची झाडं, तुमची बाई. माझ्या चित्रांत ती गोष्ट कधी आली नाही. वाटायचं, काश्मीरचा बर्फ वेगळा असेल.

परवा मी येरमाळ्याला गेलो. जुनं क्रशर केव्हाच उठलंय, पण त्याच टेकडीच्या पलीकडं नवं झालंय, मोठं. ऊन कलायला लागलं होतं. ऑपरेटरनं तोंडावरचा गमछा खाली करून विचारलं, "काय काढायलाव, सायेब? पेपरात देणार काय?" मी म्हणालो, "बर्फ काढायलोय." तो मागच्या गड्याला म्हणाला, "ह्येला ऊन लागलंय, पाणी दे."

एक बाभूळ धुळीनं पांढरी झालेली सापडली. मी माझ्या नियमानं घर उघडून फोटो काढला. धूळ आली. नुसती फिकट, मरगळलेली धूळ, क्रशरजवळची. पुन्हा उघडून पाहिलं, आणखी फिकट. मग रिंग उलटी फिरवली आणि तुमचं एक घर बंद केलं. आभाळ काळं पडलं, सावल्या खोल गेल्या, आणि पलीकडून येणाऱ्या उन्हात फांद्यांवरची धूळ चकाकून उठली. मी तो पडदा कितीतरी वेळ बघत राहिलो. तो बर्फ होता. पहाटेचा, कुणाचं पाऊल न पडलेला.

म्हणजे तुम्ही मला जे सांगितलंत ते धोतराचं नव्हतं. ते तुम्ही स्वतः करून बघितलेलं होतं. तुम्हाला ठाऊक असलेल्या एकमेव बर्फाचं खरं माप तुम्ही मला दिलंत, आणि तो बर्फ कुठं आहे तेवढं सांगितलं नाहीत. हे कळल्यावर राग कमी होईल असं तुम्हाला वाटत असेल तर तसं झालेलं नाही. खोटं मी विसरू शकलो असतो. खरं माप देऊन तुम्ही मला चुकीच्या डोंगरावर पाठवलंत.

आता रविवारची गोष्ट. माझ्या प्रत्येक फोटोखाली मी पाटी लावतो, तीत जागा, महिना, घर आणि शटर लिहितो, कारण बघणाऱ्याला ते कळायलाच हवं. सचिवांचा फोन आला होता, "आण्णांच्या फोटोखाली काश्मीर एवढंच लिहू ना?" मी म्हणालो, मी लिहून देतो. आईला सांगितलं की मी खरं लिहिणार आहे. मला वाटलं ती रडेल, मेलेल्या माणसाला उघडं पाडतोस म्हणेल. तिनं ज्वारीतनं हात काढला. "लिही की. पर माझं नाव घाल. पंचेचाळीस वरसं मला काश्मिरी म्हणून टांगलीय त्यान्नी. लग्नानंतर माझा एवढा एकच फोटो काढला, त्यो बी पाठीमागनं."

पाटी लिहून झाली आहे. जागा, येरमाळ्याच्या अलीकडं, खडी क्रशर. महिना, चैत्र. वाटेवर, आणि पुढं आईचं पूर्ण नाव. मापाच्या ओळीत, एक घर बंद. आणि प्रिंट मी पूर्ण निगेटिव्हची काढली आहे, कापलेल्या पट्ट्यासकट. फाळक्यावरची अक्षरं मागच्या रांगेतनंही वाचता येतील. गाव हसेल की गप्प बसेल, मला सांगता येत नाही. तुम्हाला ते आवडणार नाही हे नक्की, आणि मी ते तरीही करतोय.

पत्र पाठवायला पत्ता नाही. निगेटिव्ह परत त्याच पातळ कागदात गुंडाळली आहे, हा कागद तिच्याखाली डब्यात ठेवीन. ठेवायच्या आधी एक गोष्ट राहिली. हिमाचलहून आलो त्या संध्याकाळी तुम्ही दारातच विचारलं होतं, "कसे आले?" मी म्हणालो, बसमध्ये कॅमेऱ्याचं झाकण उघडलं, सगळ्या रोलला उजेड लागला. तुम्ही "जाऊ दे, पुढच्या वेळी" म्हणून आत गेलात आणि त्या रात्री दोन भाकरी जास्त खाल्ल्यात. आण्णा, रोलला उजेड लागला नव्हता. पाकिटं माझ्या पिशवीत होती, तुमच्यापासून हातभर अंतरावर. मी फसलोय हे स्टँडवर कुणाला कळू नये म्हणून मी तुम्हालाही सांगितलं नाही. ती पाकिटं अजून आहेत. याच डब्यात ठेवतो.